जामसरच्या डोहावर

मासे धरण्याच्या सहलीचें वर्णन आपल्या मासिकांत यावें, आणि तें लिहिणारा नित्य संध्या करणारा, चातुर्मासांत कांदा-लसूण वर्ज्य मानणारा निवृत्त शिक्षक असावा, याचें वाचकांस नवल वाटल्यावांचून राहणार नाहीं. मला स्वतःलाही तें वाटतें. परंतु ज्याला अंगाखांद्यावर खेळविलें त्या पुतण्यानें पांच वर्षांनीं घरीं येऊन एकच गोष्ट मागितली, तर वडीलधाऱ्या माणसानें काय करावें?

हा पुतण्या अमेरिकेंत वॉशिंग्टन राज्यांत नोकरीस आहे. तिकडे ऐन हिवाळ्यांत समुद्रांतून नद्यांत चढणारा स्टीलहेड नांवाचा एक मासा असतो. जातीनें तो तिकडच्या रेनबो ट्राउट माशाचाच भाऊ. पण हा गोड्या पाण्यांत जन्मतो, समुद्रांत जाऊन वाढतो आणि अंडीं घालावयास फिरून नदीस येतो. त्या किनाऱ्यावरील साल्मन मासे अंडीं घातल्यावर मरून जातात. हा मात्र कधीं कधीं जगून पुन्हा समुद्र गांठतो. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत त्याची ही यात्रा चालते. तो धरण्यासाठीं लोक पैसे मोजून वाटाड्या ठरवितात, पहांटेच्या अंधारांत होडींत बसतात, आणि बर्फासारख्या पाण्यांत दिवस दिवस उभे राहतात. बहुतेक वेळां रित्या हातानें परततात. बरें, एखादा लागलाच तर? संवर्धन-केंद्रांत वाढवून सोडलेल्या माशाचा पाठीवरील शेपटीजवळचा लहानसा पर आधींच कापून खूण केलेली असते. तसला मासा घरीं नेतां येतो. ज्याचा पर शाबूत, तो रानचा. तो तेथल्या नियमाप्रमाणें पाण्यांत परत सोडावा लागतो.

हें सारें तो ओटीवर बसून सांगत असतां आंतून आमचें कुटुंब म्हणालें, "सोडावयाचाच, तर धरावयाचा कशाला रे?" त्याला उत्तर सुचलें नाहीं. मला मात्र तो नियम फार आवडला. अहिंसेचें बीज एवढ्या दूरच्या थंड मुलखांतही रुजलें आहे, असें मीं दोन दिवस येईल त्याला सांगत होतों.

आतां त्याला आपल्याकडील डोंगरी नदीवर एकदां गळ टाकावयाचा होता. शक्य तर महाशीर धरावयाचा होता. महाशीर हा सह्याद्रीच्या नद्यांतील मोठ्या खवल्यांचा बलवान मासा. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेंत मिळालेल्या जातीचें शास्त्रीय वर्णन कर्नल साईक्स यांनीं १८३९ सालीं केलें, आणि लोकांच्या तोंडचें 'खुद्री' हें नांवच त्यांनीं शास्त्रांत ठेविलें. पुढें १८७३ सालीं मद्रास इलाख्यांतील थॉमस नांवाच्या अधिकाऱ्यानें हिंदुस्थानांतील गळाच्या मासेमारीवर ग्रंथ लिहून साहेबलोकांत या माशाची कीर्ति वाढविली. पावसाळ्यांत हा प्रवाहाविरुद्ध वर चढतो. वाटेंत धरण आलें कीं त्याची चढण खुंटते. लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटांच्या वीज कंपनीनें १९७० च्या दशकापासून याचीं पिल्लें वाढविलीं, व तेथील बोटुकलीं इतर प्रांतांतील जलाशयांतही सोडलीं गेलीं. ही सर्व माहिती पुतण्याकडून मिळाली. मासा या विषयांत माझी विद्या मत्स्यावतारापाशींच थांबलेली होती.

नदी कोणती, हें मात्र मीं ठरविलें. चाळीस वर्षांपूर्वीं जव्हार येथील एका शाळेंत मी कांहीं काळ संस्कृत शिकवीत होतों. तेव्हांचा जामसर गांवचा एक विद्यार्थी अद्यापि दिवाळीस मला फोन करतो. त्याला विचारतांच तो म्हणाला, "गुरुजी, या ना! नदी हाय, डोह हाय, मी दावतो." वाटाड्याची सोय अशी झाली.

पौषांतील एका सकाळीं नाशिकाहून त्र्यंबकमार्गें जव्हारची एस. टी. धरली. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी व पाण्याची फिरकी होती. नदीच्या गांवीं पाणी नेण्याचें कारण वाचकांनीं ओळखलें असेलच. त्र्यंबकापाशीं ब्रह्मगिरीच्या पूर्वेस पडलेलें पाणी गोदावरी होऊन बंगालच्या उपसागरास जातें. आणि गाडी घाट उतरूं लागते तसें प्रत्येक ओढ्याचें तोंड पश्चिमेस वळतें. या भागांतल्या लेंडी व वाघ या नद्या दमणगंगेस मिळतात, पिंजाळ वैतरणेस मिळते. मोखाड्यापर्यंत दरींत धुकें भरून राहिलें होतें. कापलेल्या भाताचे पिवळे खुंट, खळ्यांवर रचलेला पेंढा, मधूनच एखादा मोहाचा वृक्ष. पुतण्या खिडकींतून डोकें काढून प्रत्येक पुलाखालीं पाहत होता, आणि प्रत्येक पुलानंतर त्याचा चेहरा थोडासा उतरत होता. पाणी फार थोडें होतें.

जव्हार हें मुकणे राजांचें संस्थान. तें १९४८ सालीं विलीन झालें, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून हा मुलूख पालघर जिल्ह्यांत आहे. १६६४ च्या हिवाळ्यांत सुरतेवर जातांना शिवछत्रपति येथील शिरपामाळावर थांबले होते, असें सांगतात. राजवाडा, थंड हवा, वारली चित्रें यांसाठीं लोक येथें येतात. याच तालुक्यांतील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनीं १९९२ सालीं साऱ्या देशांत हळहळ झाली होती, हेंही येथें आल्यावर आठवतें.

विद्यार्थी गाडीवर घ्यावयास आला होता. केस पांढरे झालेले. पायां पडूं लागला तेव्हां मीं धरलें. जामसरला त्याच्या घरीं पोंचलों. कुडाच्या भिंती, शेणानें सारविलेली स्वच्छ पडवी, नाचणीची कणगी. माझ्यासाठीं त्यानें नवें मडकें आणून ठेविलें होतें व निराळी चूल मांडली होती. मग हंसत हंसत म्हणाला, "गुरुजी, त्या खेकड्याची याद हाय का?"

याद नव्हती असें नाहीं. 'देव'शब्द चालविण्याच्या तासाला या मुलाच्या खिशांतून भाजलेला खेकडा निघाला होता. मीं त्याला वर्गाबाहेर उभें केलें होतें, आणि हात धुतल्याशिवाय पुस्तकास स्पर्श करावयाचा नाहीं असें बजाविलें होतें. तो खेकडा हेंच त्याचें दुपारचें जेवण होतें, ही गोष्ट मला पुष्कळ वर्षांनीं सुचली. तो मात्र ती हकीकत सुनेला मोठ्या कौतुकानें सांगत होता.

दुसऱ्या दिवशीं उजाडण्यापूर्वीं निघालों. गांवचे लोक नदीला नुसती नदीच म्हणतात. धार खडकाखडकांतून घोट्याएवढी वाहत होती. परंतु दोन वळणें उतरल्यावर काळ्या फत्तरांत खोदल्यासारखा एक डोह लागला. पाण्यावरून वाफ निघत होती. माझ्या कानटोपींतून थंडी आंत शिरत होती, आणि विद्यार्थी अनवाणी उभा होता. पुतण्यानें लांब काठी जोडली, गळाचा उलटा कांटा पक्कडीनें चेपून सपाट केला. त्यामुळें माशास इजा कमी होते म्हणे. विद्यार्थ्यानें नाचणीच्या पिठाची गोळी करून दिली.

तीन तास कांहींच घडलें नाहीं. ऊन डोहावर आलें. मीं जप पुरा केला. एकाएकीं काठी वांकली, दोरा पाण्यावर करवतीसारखा फिरूं लागला, आणि माझ्या तोंडून "सांभाळ!" असा शब्द निघाला. तो मीं पुतण्यास म्हणालों कीं माशास, हें अद्यापि मला सांगतां येणार नाहीं. पंधरा मिनिटांनीं मासा काठीं आला. दीड-दोन किलोंचा असावा. पाठ हिरवट काळी, बाजूंचीं खवलीं जुन्या पितळेच्या रंगाचीं, एकेक रुपयाएवढें. पुतण्याचे हात कांपत होते. त्यानें मासा पाण्याबाहेर न काढतां गळ सोडविला, त्याचें तोंड धारेकडे करून क्षणभर धरिलें, आणि हात उघडले. मासा गेला.

मला इतका आनंद झाला कीं मी उठून उभा राहिलों. एक जीव वांचला! मीं कौतुकानें विद्यार्थ्याकडे पाहिलें. तो डोहाकडे पाहत होता. कांहीं बोलला नाहीं. हातांतली रिकामी टोपली त्यानें पालथी करून झटकली आणि खांद्यावर टाकली.

घरीं आलों तों सुनेनें पाट्यावर मिरची-लसणाचें तिखट वाटून ठेविलें होतें. तिनें सासऱ्याकडे पाहिलें, टोपलीकडे पाहिलें, आणि उडदाची डाळ चुलीवर चढविली. त्या रात्रीं चार माणसें व दोन लेंकरें भात आणि डाळ जेवलीं. तें तिखट तोंडी लावावयास झालें. पुतण्यानें मान वर केली नाहीं.

जेवणानंतर शेकोटीपाशीं त्यानेंच विषय काढला. विद्यार्थी शांतपणें म्हणाला, "दादा, रागावलों नाय. तो पावसांत वर चढला आन् डोहांत अडकला. होळीपुढं पानी आटंल. मंग बगळा खाईल, नाय तर कुनी गेळाचीं फळं ठेचून टाकील, सगळेच वर येतील. तुमच्या नदीला बारा म्हयने पानी, तुमचं सोडनं बरोबर. इथं सोडून तो जातो कुठं?"

या मुलखांत शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, पण फत्तरी उतारावरून तो चार महिन्यांत वाहून जातो. उन्हाळ्यांत बायका हंडे घेऊन दूर दूर जातात. भात झोडून झालें कीं पुष्कळ घरें वीटभट्ट्यांच्या कामास बाहेर पडतात. हें मी चार वर्षें येथें राहून पाहिलें होतें. मासा सुटला त्या क्षणीं यांतलें कांहींएक मला आठवलें नाहीं.

मीं विचारलें, "तिळशाचे मासे कसे राहतात मग?" वाडा तालुक्यांत वैतरणेकाठीं तिळसे येथें महादेवाचें देऊळ आहे, तेथल्या डोहांतले मासे देवाचे मानून कोणी धरीत नाहीं. तो म्हणाला, "त्यांना देव हाय, गुरुजी. आमच्या डोहाला देव नाय."

पुतण्या म्हणाला, "उद्यां तो पुन्हां धरून खालच्या मोठ्या पाण्यांत नेऊन सोडला तर?" विद्यार्थी मोठ्यानें हंसला. "आतां तो तुमच्या गळाला लागतो व्हय!" मला शतपथब्राह्मणांतील कथा आठवली. मनूच्या ओंजळींत आलेला लहानसा मासा 'माझें रक्षण कर' म्हणतो. मनु त्याला घटांत ठेवितो, मग खड्ड्यांत, मग समुद्रांत. तीस वर्षें ती शिकवितांना मीं दयेवर भर दिला. मनूला दर वेळीं अधिक मोठें पाणी शोधावें लागलें, याकडे माझें लक्ष गेलें नव्हतें.

तिसऱ्या दिवशीं काठी घरींच राहिली. सून व लेंकरें धारेंतले दगड उलथीत होतीं. दगडांखालून बोटाएवढ्या मुऱ्या व लहान खेकडे निघत. पुतण्या विजार गुडघ्यांपर्यंत दुमडून त्यांच्यांत शिरला, दोनदां आपटला, आणि दोन्ही वेळां लेंकरें खिदळलीं. दुपारीं पाट्यावर पुन्हां तिखट वाटलें गेलें. ताटें मांडलीं तेव्हां विद्यार्थी मला म्हणाला, "गुरुजी, तुमी जरा तिकडं तोंड करून बसा." मी होतों तसाच बसलों. पुतण्यानें एकदां माझ्याकडे पाहिलें आणि मग जेवूं लागला. ज्या सराईतपणें त्यानें कांटे काढले, त्यावरून ही त्याची पहिली वेळ नव्हती हें मी उमगलों. मी माझा भात कालवूं लागलों.

निघतांना पैसे त्यानें घेतले नाहींत. गळ व नायलॉनचा दोरा मात्र आवडीनें ठेवून घेतला. आमच्या पिशवींत पायलीभर नाचणी घातली. गाडी घाट चढूं लागली तेव्हां पुतण्या हळूच म्हणाला, "काका, काकूला सांगूं नका."

घरीं पोंचतांच तिनें विचारलें, "किती धरले हो यानें?" मीं म्हटलें, "एक. तोही सोडून दिला." हें खोटें नव्हतें. बाकीचें हा अंक घरीं आला म्हणजे ती वाचीलच.