थांबलेला माग

दिवाळीच्या आधी आठ दिवस घरोघरी जी साफसफाई निघते, तिच्यातून अंग कसे काढून घ्यावे हे शास्त्र मी गेली वीस वर्षे मन लावून अभ्यासले आहे. पेपर तपासायचे आहेत, ही माझी हुकमी सबब. परंतु गेल्या वर्षी पेपर कधी नव्हे ते वेळेवर तपासून झाले होते, आणि इकडे आई व सौभाग्यवती माळ्याकडे पाहून पदर खोचू लागल्या होत्या. तेव्हा मी गंभीर चेहऱ्याने जाहीर केले, "मी संगणक साफ करायला बसतो. त्यातही पुष्कळ अडगळ साठली आहे."

सबब मंजूर झाली. ती केवढ्याला पडणार होती, हे मात्र मला ठाऊक नव्हते.

आमच्या संगणकाला एक मोठी हार्ड डिस्क बाहेरून जोडलेली आहे. मोठी म्हणजे पोटाने मोठी. आकाराने पाहाल तर पानाच्या डब्याएवढीच. खोक्यावर 2 टेराबाइट असे छापलेले, आणि संगणक पाहावा तो 1.81 दाखवी. मी दुकानदाराशी भांडायलाच निघालो होतो. मागाहून कळले की, डिस्क बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि संगणक एक हजार चोवीसच्या पटीत. माप खोटे नाही. मापारी दोन आहेत, इतकेच!

1956 साली आयबीएम कंपनीने जगातली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तेव्हा 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या एकावर एक रचून तिच्यात 50 लाख अक्षरे मावत. कपाटाएवढे ते धूड एक टनाहून जड होते. अशा यंत्रात काय ठेवायचे याचा माणूस दहादा विचार करीत असेल. माझ्या डब्यात तेवढी अक्षरे चार लाख वेळा मावली असती, म्हणून मी विचार करणेच सोडून दिले. एकाच मोदकाची अकरा छायाचित्रे, परीक्षेची वेळापत्रके, लग्नाच्या निमंत्रणपत्रिका, आणि कुणीकुणी पाठवलेली 'शुभ सकाळ' नावाची फुले! हे सारे मी एकाच फोल्डरात लोटत आलो होतो. फोल्डरचे नाव 'सगळे'. त्यात एकंदर 41 हजार फायली होत्या.

आणि याच ढिगाऱ्यात कुठेतरी आबांचा आवाज होता.

आबा म्हणजे माझे वडील. आमचे कबनूर इचलकरंजीला इतके चिकटलेले आहे की, गाव कुठे संपते आणि शहर कुठे सुरू होते हे नव्या माणसाला सांगावे लागते. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे या सगळ्या पंचक्रोशीची झोपसुद्धा मागाच्या खडखडाटाशी बांधली गेली. आबांनी पस्तीस वर्षे जॉबर म्हणून काम केले. जॉबर म्हणजे मागाचा वैद्य. बिघडलेल्या मागाला हात लावण्याआधी ते क्षणभर नुसते कान देऊन उभे राहत.

2015 साली माझ्या डोक्यात आले की, बिनधोट्याचे नवे माग येत आहेत. धोटा गेला की कांडी जाणार, कांडी गेली की तिच्याभोवतीचे शब्द जाणार. मराठीच्या प्राध्यापकाने हे शब्द टिपून ठेवायला हवेत. रोज संध्याकाळी मी आबांना खुर्चीवर बसवी आणि त्यांना बोलते करी. अशी एकतीस ध्वनिमुद्रणे झाली. 2021 साली आबा गेले. त्यानंतर एकदाही मी ती ऐकली नाहीत. मन धजावले नाही, असे मी लोकांना सांगत असे. खरे कारण निराळे होते. डिस्कमध्ये आहेतच की, केव्हाही ऐकता येतील, असे मला वाटे. जे केव्हाही करता येते, ते माणूस कधीच करीत नाही!

तर त्या दिवशी मी 'सगळे' उघडायला गेलो. खिडकीच्या माथ्यावर एक हिरवी पट्टी गोगलगायीच्या पावलांनी सरकू लागली, मध्यावर आली आणि थांबली. खिडकी पांढरी फटक पडली. संगणक प्रतिसाद देत नाही, अशी पाटी झळकली. मग मी तेच केले जे अशा वेळी कोणताही सुशिक्षित मनुष्य करतो. आणखी दहा वेळा टिचक्या मारल्या. वायर उपटली, पुन्हा खोचली. संगणक बंद केला, पुन्हा लावला. असे तीनदा झाले. व्हायरसचा संशय येऊन रात्रभर तपासणी लावून ठेवली. पहाटे चहा घेऊन आलो तो डिस्कमधून बारीक आवाज येत होता : टक्... टक्... टक्...

जॉबरच्या मुलाला असल्या आवाजाचा अर्थ सांगावा लागत नाही. मी बशी खाली ठेवली. एकतीस ध्वनिमुद्रणांची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

इचलकरंजीहून भाच्याला बोलावून घेतले. तो संगणकांच्या दुरुस्तीचेच काम करतो. तो आला तेव्हा मी पुन्हा एकदा टिचकी मारण्याच्या बेतात होतो. चपला काढता काढताच तो म्हणाला, "मामा, आधी हात काढा बघू."

माझा हात तिथेच थबकला. हे शब्द मी लहानपणी शेकडो वेळा ऐकले होते. आडवा धागा तुटला की मागाचा बारीकसा काटा ते ओळखतो आणि माग आपोआप थांबतो. नवखा कामगार काय करी, तर थांबलेला माग पाहताच मूठ ओढून पुन्हा सुरू करायला जाई. आबा लांबून ओरडत, "हात काढ आधी! कशानं थांबलाय ते बघ, मग चालू कर." आणि मला सांगत, "थांबणारा माग शहाणा असतोय. तुटला धागा घेऊन चालणारा माग कापडाचा नास करतोय."

भाच्याने आधी डिस्कची वायर बदलली. मग दुसऱ्या खाचेत लावून पाहिली. मग आपल्या लॅपटॉपला जोडली. सगळीकडे तीच तऱ्हा. मग त्याने संगणकाच्या कामाचा तक्ता उघडून दाखवला. डिस्क शंभर टक्के कामात होती आणि वाचनाचा वेग जवळजवळ शून्य होता.

"काम शंभर टक्के, उत्पन्न शून्य," तो म्हणाला. "तुमच्या कॉलेजातल्या कमिट्यांसारखं."

दुखणी दोन होती. पहिले माझे. 'सगळे' उघडताच मी संगणकाला न सांगता एक अचाट हुकूम देत होतो : 41 हजार फायली एका वेळी दाखव, प्रत्येक चित्राचे छोटे रूप काढ, ते कधी टिपले ती तारीखही वाच. धडधाकट डिस्कलाही हे जड जाते. फोल्डर साध्या यादीच्या रूपात ठेवले, त्याच्या गुणधर्मांत 'चित्रे' काढून 'सर्वसाधारण' निवडले, आणि वर्षवार लहान लहान कप्पे केले, तर निम्मा त्रास जातो.

दुसरे दुखणे डिस्कचे. तबकडीवरचे काही कप्पे खराब झाले होते. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. त्या नोंदीत वाचता न येणाऱ्या कप्प्यांचा आकडा फुगलेला दिसला. असा कप्पा आला की हेड तो पुन्हा पुन्हा वाचू पाहते, आणि बाकीचे सगळे तिष्ठत राहते. एसटीत चढताना पहिलाच मनुष्य पायरीवर उभा राहून सुटे पैसे शोधू लागला की मागच्या रांगेचे जे होते, तेच.

"मग दुरुस्तीचा तो हुकूम देऊन टाक ना," मी म्हणालो. तेवढे मलाही वाचून ठाऊक होते.

"अजिबात नाही. ही थकलेली डिस्क आहे. आत्ता दुरुस्तीला लावली तर पळून पळूनच मरेल. आधी प्रत, मग दुरुस्ती. आणि प्रत झाल्यावर दुरुस्तीची गरजच उरत नाही."

त्याने नवी डिस्क आणली, पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले आणि डीडीरेस्क्यू नावाचा कार्यक्रम लावला. या कार्यक्रमाची रीत मला फार आवडली. तो अडलेल्या जागी डोके आपटीत बसत नाही. जे सहज वाचता येते ते आधी उचलतो, अवघड जागांची नकाशात नोंद ठेवतो, आणि सारे सोपे पदरात पडल्यावर मग त्या जागांकडे सावकाश परततो. माझ्या विद्यार्थ्यांना प्रश्नपत्रिका अशीच सोडवा म्हणून मी दरवर्षी सांगतो. ऐकले ते या कार्यक्रमाने!

एक रात्र, एक दिवस आणि पुन्हा एक रात्र हे चालले. पहिल्या रात्री मी त्याच्यापाशी बसून होतो. मनात आले, आबांचा आवाज आठवून पाहावा. त्यांचे शब्द आठवत होते, वाक्ये आठवत होती. पण आवाज काही केल्या येईना. मी ज्या वस्तूच्या भरवशावर विसरलो होतो, ती वस्तूच आता टक् टक् करीत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी हिशेब लागला. शे-दीडशे फायली गेल्या. बहुतेक 'शुभ सकाळ'चीच फुले होती, त्यांचा शोक कुणी केला नाही. एकतीस ध्वनिमुद्रणांपैकी तीस धड निघाली. एक सातव्या मिनिटाला तुटते. त्यात पुढे काय होते, असे सौभाग्यवतीने विचारले. मला सांगता आले नाही.

पण मला बोचले ते निराळेच. त्याच दिवशी मी एक अगदी धडधाकट ध्वनिमुद्रण लावले. आबा कांडीविषयी बोलत होते. बोलता बोलता म्हणाले, "तुझी आई लग्न होऊन आली तवा घरातच कांड्या भरायची. एक दिवस काय झालं..." आणि तेवढ्यात माझा घाईचा, प्राध्यापकी आवाज आला : "आबा, ते राहू द्या. धोट्याचं सांगा." आबा जरा थांबले, आणि मुकाट्याने धोट्याचे सांगू लागले.

तिथे डिस्क बिघडलेली नव्हती. तिथला धागा मी तोडला होता, आणि तुटला धागा घेऊनच पुढे चालत राहिलो होतो. हे काही कोणताही कार्यक्रम भरून देणार नव्हता.

आता आमच्याकडे सगळ्याच्या तीन प्रती आहेत. दोन घरी, निरनिराळ्या डिस्कवर. तिसरी परगावी बहिणीकडे. कारण 2019 आणि 2021 साली पंचगंगेने आम्हाला पुराचे जे धडे दिले, त्यानंतर सगळे एकाच छपराखाली ठेवणे बरे नव्हे. 'सगळे' नावाचे फोल्डर मोडले. आबांची ध्वनिमुद्रणे वेगळ्या कप्प्यात, प्रत्येकाला नाव देऊन ठेवली. नाव द्यायचे म्हणजे ऐकावे लागते. म्हणून सगळी ऐकली.

नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी आई स्वयंपाकघरात चकल्या पाडीत होती. मी मोबाइल घेऊन तिच्यापाशी पाटावर बसलो.

"आई, तू कांड्या भरायचीस तेव्हा एक दिवस काय झालं होतं?"

तिने सोऱ्यावरचा हात थांबवला. माझ्याकडे पाहिले.

"मी तवा दारातच हुते," ती म्हणाली. "तू म्हणालास, ते राहू द्या."

मी काही बोललो नाही. कढईतली चकली तिने उलटली, पदराला हात पुसला.

"आता सांगू म्हणतोस? चकल्या हायत अजून."

"चकल्या पाडत सांग," मी म्हणालो. "मला घाई नाही."