हाड थांबवावे, बोटे हलवावीत

मोडलेले हाड स्वतःच सांधते. त्याला बाहेरून दोनच गोष्टी लागतात: टोके जागेवर बसवणे आणि ती सांधेपर्यंत तिथेच राहतील इतकी स्थिरता. ही स्थिरता देण्याचे स्वस्त आणि भरवशाचे साधन म्हणजे प्लास्टर. ते घालणाऱ्याचे कसब दिसते ते काय थांबवले यात, आणि तितकेच काय मोकळे ठेवले यातही.

सुश्रुतसंहितेत मोडीच्या उपचारासाठी बांबूच्या आणि झाडांच्या सालींच्या पट्ट्या सांगितल्या आहेत. बंध सैल राहिला तर सांधा स्थिर राहत नाही, फार आवळला तर सूज आणि वेदना होतात, असा इशाराही तिथे आहे. थंडीत सात दिवसांनी, सौम्य हवेत पाच आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बंध बदलावा, असा नियम दिला आहे. आजचे प्लास्टर मात्र लष्करी गरजेतून आले. आंटोनियस माथायसन या डच लष्करी शल्यवैद्याने कापडी पट्टीत जिप्समची भुकटी घासून ती ओली करून गुंडाळण्याची रीत १८५२ मध्ये प्रसिद्ध केली. क्रिमियन युद्धात रशियन शल्यवैद्य निकोलाय पिरोगोव्ह यांनी प्लास्टर मोठ्या प्रमाणावर वापरले.

जिप्सम भाजले की त्यातले बरेचसे पाणी निघून जाते. भुकटीला पुन्हा पाणी मिळाले की तिचे स्फटिक होऊन ती घट्ट होते आणि त्या वेळी उष्णता बाहेर पडते. म्हणून पाणी साधे किंवा जेमतेम कोमट घेतात. गरम पाण्याने प्लास्टर लवकर घट्ट होते आणि कातडी भाजू शकते. आधी कापसाचा थर देतात. घोटा, कोपर अशा हाड वर आलेल्या जागी तो जाड ठेवतात. पट्टी पाण्यात बुडवून बुडबुडे थांबले की काढतात, हलकेच पिळतात आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याचा निम्मा भाग झाकेल असा फिरवतात. ओले प्लास्टर तळव्याने धरायचे, बोटांनी नाही. बोटाचा खळगा आत उमटतो आणि त्याखाली जखम होते. प्लास्टर काही मिनिटांत कडक लागते. पूर्ण वाळायला मात्र एक-दोन दिवस जातात.

हाडाच्या मधल्या भागात मोड असेल तर वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे धरावेत, हा ढोबळ नियम आहे. त्यामुळे नडगी मोडली तरी प्लास्टर मांडीपर्यंत जाते. मनगटाच्या मोडीत ते तळहाताच्या वरच्या रेषेअलीकडे थांबवतात, म्हणजे बोटांची पूर्ण मूठ वळते. घोटा काटकोनात ठेवतात. पाऊल खाली झुकलेले राहिले तर पुढे टाच टेकवताना त्रास होतो.

स्थिरतेची किंमतही मोजावी लागते. न वापरलेला स्नायू बारीक होतो, सांधा आखडतो, हाडातले कॅल्शियम कमी होते. शिवाय सगळ्याच हाडांना पूर्ण थांबावे लागत नाही. मोडलेल्या बरगड्या श्वासागणिक हलतात, तरी बहुधा सांधतात. १९६०च्या दशकात ऑगस्टो सार्मिएंटो यांनी नडगीच्या मोडीसाठी गुडघा मोकळा ठेवणारे प्लास्टर वापरून रुग्णांना त्या पायावर चालवले आणि हाडे जुळली. थोडी, आवाक्यातली हालचाल मोडीभोवतीचे नवे हाड वाढायला मदत करते, हे आता मान्य झाले आहे.

ताज्या मोडीवर सूज वाढत असते, म्हणून पहिल्या दिवसांत बहुधा अर्धवट, म्हणजे कच्चे प्लास्टर घालतात. सूज उतरल्यावर पक्के. सूज आतल्या आत दाबली गेली तर रक्तपुरवठा अडतो आणि काही तासांत स्नायू मरू लागतात. प्लास्टर घातलेला हात किंवा पाय उशीवर उंच ठेवावा, बोटे दिवसभर हलवत राहावे आणि आत काडी घालून खाजवू नये. दुखणे वाढत गेले, बोटे सरळ करताना असह्य कळ आली, मुंग्या आल्या, बोटे बधिर, निळी किंवा गार पडली, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी दवाखाना गाठावा आणि प्लास्टर सैल करून घ्यावे.