पळून जाण्यासाठी जागा पाहिजे

पळून जाऊन लग्न करायला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे बरोबर पळायला कोणीतरी आणि दुसरी म्हणजे पळून जावेसे वाटायला लावणारी घरची माणसे. आमच्या भाचीजवळ पहिली गोष्ट होती, दुसरीचा मात्र संपूर्ण अभाव होता. मुलगा तिच्या आईला पसंत, वडिलांना पसंत, एवढेच काय, त्यांच्या सोसायटीच्या वॉचमनलाही पसंत. अशा अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत ती एका रविवारी सकाळी आमच्या घरी आली आणि म्हणाली, "मामा, आम्हाला पळून जाऊन लग्न करायचंय. डोंगरावर. तू एखादी छानशी जागा सुचव."

मी चहा पीत होतो. तो नाकातून बाहेर आला.

"अगं पण पळून कोणापासून?"

"पाहुण्यांपासून," ती म्हणाली.

मग उलगडा झाला. आमच्या धाकट्या बहिणीने म्हणजे तिच्या मातोश्रींनी आमंत्रणाची यादी करायला घेतली होती. ती सहाशे चाळीस नावांवर आली होती आणि अजून कोल्हापूरकडचे लोक यायचे होते. शिवाय हॉल, घोडा, आणि डोक्यावर घोंघावत फोटो काढणारा तो ड्रोन. भाची म्हणाली, "अमेरिकेत लोक सरळ दोघंच डोंगरावर जातात. कोलोरॅडोत तर आपलं लग्न आपणच लावलं तरी चालतं. भटजी नको, साक्षीदार नको."

"मग मला कशाला नेताय?"

"वा! मामाशिवाय मुलगी बोहल्यावर येईल कशी? आणि डोंगर तुलाच माहीत."

या दोन वाक्यांनी मी विरघळलो. 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे' ही भटजींची आरोळी ऐकली की महाराष्ट्रातला कोणताही मामा दोन इंच उंच होतो. वर्षभर त्याला कोणी विचारत नाही, पण त्या एका क्षणी त्याच्यावाचून लग्न अडलेले असते. त्यातून मी तीस वर्षे सह्याद्री तुडवलेला माणूस. आता सह्याद्री माझ्या ओळखीचा असला तरी माझे गुडघे त्याला ओळख देत नाहीत, ही गोष्ट वेगळी. मी जुना नकाशा काढला, चष्मा पुसला आणि जेवणाच्या टेबलावर महाराष्ट्र पसरला. आमची ही पलीकडे मेथी निवडत बसली होती. तिने महाराष्ट्राच्या कडेने जुड्या सरकवल्या आणि काही बोलली नाही.

सुरुवात मी पुराणापासून केली. "डोंगरावरून पळून जाणं हे काही अमेरिकेचं खूळ नाही. अर्जुनाने सुभद्रेला पळवली ती रैवतक पर्वताच्या यात्रेतून. सल्ला मुलीच्या भावाचा, घोडे मुलीच्या भावाचे, आणि धर्मराजाची परवानगी आगाऊ माणूस पाठवून मागवलेली. तुझ्यासारखंच, सगळं संमतीने."

"आणि सुभद्रेला विचारलं होतं का कोणी?"

मी घाईघाईने रुक्मिणीवर आलो. रुक्मिणीचे काम चोख. तिने स्वतः निरोप पाठवला आणि जागाही स्वतःच ठरवून दिली. लग्नाच्या आदल्या दिवशी मी गावाबाहेर देवीच्या दर्शनाला येईन, तिथून मला घेऊन जा. येणेजाणे सोपे, निघायला सबळ कारण आणि रथ अगदी दारात. पळून जाण्याच्या जागेचा इतका व्यवहारी विचार नंतर कोणी केला असेल असे वाटत नाही. आम्ही तर नक्कीच केला नाही, कारण आम्ही सुरुवातच केली कळसूबाईपासून.

कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. "याच्यापेक्षा उंच लग्न या राज्यात लागणे शक्य नाही," असे मी म्हणालो. पण तिथे वाटेत लोखंडी शिड्या आहेत आणि शालू नेसून शिडी चढणे ही गोष्ट शालूलाही झेपणारी नाही. शिवाय सुट्टीच्या दिवशी त्या चिमुकल्या माथ्यावर इतकी गर्दी असते, की सहाशे चाळीस पाहुणे टाळून वर गेलो तर अनोळखी सहाशे भेटायचे. तेही आहेराशिवाय.

मग हरिश्चंद्रगडचा कोकणकडा. हे माझे लाडके ठिकाण. नागाच्या फण्यासारखा आत वळलेला प्रचंड कडा, खाली कोकण, समोर मावळता सूर्य. होणारे भाचेजावई एव्हाना आले होते. त्यांना कडा फोटोत पाहून एकदम पसंत पडला. मग मी अडचणी सांगू लागलो. पहिली, वाऱ्याची. तिथे खालून वर असा वारा सुटतो, की पावसाळ्यात कड्यावरून पडणारे पाणी खाली न जाता उलटे वर उडते. म्हणजे अक्षता टाकल्या तर त्या टाकणाऱ्याच्याच तोंडावर परत. दुसरी, अग्नीची. सप्तपदीला अग्नी लागतो आणि अभयारण्यात जाळ करायला बंदी. तिसरी, खुद्द सप्तपदीची. सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण होतो असे १९५५ चा हिंदू विवाह कायदा सांगतो. कोकणकड्यावर सातवे पाऊल कुठे पडेल याचा हिशेब आधीच करून ठेवलेला बरा.

"पण तिथे ते गोल इंद्रधनुष्य दिसतं ना?" जावई म्हणाले.

दिसते. इंद्रवज्र म्हणतात त्याला. पाठीशी सूर्य आणि समोर दरीत धुके असले की नशीबवान माणसाला आपल्या सावलीभोवती रंगीत कडे दिसते. पण त्यात एक गंमत आहे. ज्याला त्याला ते कडे स्वतःच्याच डोक्याभोवती दिसते. बायको शेजारी खांद्याला खांदा लावून उभी असली तरी तिच्या सावलीला काही नाही, आणि तिला विचारावे तर ती म्हणते, माझ्याच डोक्याभोवती आहे, तुमच्या कुठे? संसाराची इतकी अचूक पूर्वसूचना कोणत्याही पत्रिकेत मिळणार नाही. पण ती लग्नाच्याच दिवशी देऊ नये, असे मला वाटले.

कास पठाराने आम्हाला वेगळ्याच पेचात टाकले. २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेले हे पठार फुलते ते साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. भाची आनंदली. पण तो सगळा काळ चातुर्मासाचा. देव झोपलेले, मुहूर्त बंद. एकंदरीत निसर्ग आणि पंचांग यांचे आपल्याकडे मुळीच पटत नाही. डोंगर हिरवा असतो, धबधबे कोसळत असतात, तेव्हा पंचांग म्हणते, थांबा. आणि पंचांग मे महिन्यात भराभर मुहूर्त सोडते तेव्हा डोंगर करपलेल्या भाकरीसारखा झालेला असतो. त्यातून फुलांच्या दिवसांत कासला आगाऊ नोंदणी करून, पैसे भरून आणि फुलांवर पाय न देता फिरायचे. फुलांवर पाय न देता सप्तपदी घालायची म्हणजे तोल सावरत लग्न. ते पुढे आयुष्यभर असतेच.

किल्ल्यांचे नाव मी काढू दिले नाही. २०२५ साली राजगड, लोहगडासह आपले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले जागतिक वारसा झाले, पण त्याआधीही तो आमच्यासाठी वारसाच होता. जिथे महाराजांचे पाय लागले तिथे आम्ही केकवाला आणि छत्र्या घेऊन जाणार नाही.

"बरं, कायद्याचं काय?" मी विचारले. या विषयात मी अधिकारी माणूस आहे, कारण १९७९ साली मी स्वतः पळून जाऊन लग्न केले आहे.

आमचे पळणे म्हणजे खरे पळणे. दोन्ही घरांतून विरोध. माझे वडील म्हणजे जमदग्नी, आणि हिच्या वडिलांपुढे जमदग्नी शांत वाटावे. तेव्हा विशेष विवाह कायद्याचा आधार घेतला. हा कायदा १९५४ चा. त्यात पळून जाणाऱ्याने तीस दिवस आधी नोटीस द्यायची असते आणि ती नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत ठळक जागी लावली जाते. चोराने घरफोडीची तारीख महिनाभर आधी चौकीवर चिकटवावी, तसे हे. आमची नोटीस वडिलांच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांनी वाचली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी वडिलांकडे पेढे मागितले. पुढचे सांगत नाही.

त्याच कायद्यात आणखी एक गमतीचे कलम आहे. जादा शुल्क भरले तर लग्न कचेरीबाहेर, 'वाजवी अंतरा'वरील तुमच्या आवडीच्या ठिकाणीही लावता येते. अधिकारी आणि तीन साक्षीदार मात्र हजर हवेत. कोकणकडा वाजवी अंतरावर आहे की नाही, हे अधिकाऱ्यांच्या गुडघ्यांवर अवलंबून राहील. आमच्या वेळी त्या शुल्काचेही पैसे नव्हते. जिन्याखालची काळोखी खोली, समोर फायलींचा ढीग आणि एक बंद पंखा, हेच आमचे निसर्गरम्य स्थळ. दोन मित्र साक्षीदार होते. तिसरा आयत्या वेळी फिरकला नाही म्हणून बाहेर अर्ज टाइप करून देणाऱ्या गृहस्थांनी सही केली. त्यांनी तिचे पैसे घेतले नाहीत. आम्हाला मिळालेला तो एकमेव आहेर. मग नेरळहून छोट्या गाडीत बसून माथेरान. प्रत्येक वळणावर ही मागे वळून पाहत होती.

"कोणी पाठलाग करतंय का म्हणून ना, मामी?" भाचीने विचारले.

हिने मेथीतून मान वर केली. "नाही गं. कोणीतरी यावं म्हणून."

टेबलावरचा महाराष्ट्र एकदम शांत झाला.

"आईंना विचारलंत का?" हिने पुढे विचारले. आई म्हणजे माझी आई, भाचीची आजी. वय वर्षे एक्क्याण्णव. खोलीतल्या खोलीत काठी घेऊन फिरते. भाची म्हणाली, "अगं मामी, आजी डोंगरावर कशी येणार? तिला आम्ही नंतर फोटो दाखवू."

फोन लावला. आईला सगळे सांगितले. पलीकडे थोडा वेळ नुसता रेडिओ ऐकू आला. मग आई म्हणाली, "एक लग्न चुकलंय माझं. दुसरं चुकवायचं नाही. मला उचलून न्या, नाहीतर गाठोडं करून न्या."

आमच्या लग्नाच्या दिवशी आईने घरी पुरण घातले होते, असे मला वडील गेल्यानंतर अकरा वर्षांनी कळले होते. साधा मंगळवार, सण नाही, वार नाही, आणि पुरणपोळी कशासाठी हे वडिलांनी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. दोघे गुपचूप जेवले म्हणे. आज मात्र ती बोलली होती. मी नकाशा घडी घालून ठेवला.

त्यानंतर जागेची निवड फार सोपी झाली. अटी तीनच. मोटार अगदी वरपर्यंत जावी, वर बसायला ओटा असावा आणि आजीला आडोसा असावा. रुक्मिणीचेच धोरण. पंधरा दिवसांत जागा सापडली. एका लहान गावामागची टेकडी, वर देवीचे कौलारू देऊळ, दारात जुना आंबा आणि मागे सबंध दरी. पुजाऱ्यांना विचारले, ग्रामपंचायतीत जाऊन रीतसर सांगितले. कचेरीतली नोंदणी आधी, डोंगर नंतर, असे ठरले.

आता पळून जाणारे दोघे आणि मी. आजी एकटी येणार नाही म्हणून धाकटी. धाकटी म्हटल्यावर भावोजी. मुलीकडचे इतके म्हटल्यावर मुलाचे आईवडील. त्यांची मोठी सून, तिचे बाळ, बाळ सांभाळणारी मावशी. मी म्हटले म्हणजे ही. होता होता पळून जाणारे एकोणीस झाले आणि मिनीबस करावी लागली. तिच्या पुढच्या काचेवर ड्रायव्हरने आपण होऊन 'लग्न' असा कागद चिकटवला. पळून जाणाऱ्यांची ही बस वाटेत दोनदा मिसळ खायला थांबली.

मार्गशीर्षातला बुधवार होता. गवत सोन्यासारखे पिवळे, हवा कोवळी. आजी ओट्यावर नऊवारीत, शाल पांघरून, महालक्ष्मीसारखी बसली. भटजींनी 'मुलीच्या मामांनी' असे म्हणताच मी दोन इंच उंच झालो आणि भाचीला घेऊन आंब्याखाली आलो. अंतरपाट म्हणून आजीची शाल धरली. पहिल्या मंगलाष्टकालाच दरीतून वारा आला, शाल आमच्या हातून सुटली आणि थेट आंब्यावर जाऊन बसली. मुहूर्ताआधीच दोघांनी एकमेकांना पाहिले. भटजी गडबडले.

"पाहिलं तर पाहिलं," आजी ओट्यावरून म्हणाली. "पहिल्यांदा थोडंच बघतायत! चालू द्या."

अक्षता मात्र वाऱ्याने निम्म्या माझ्याच डोक्यावर पडल्या. आई माझ्याकडे बघून हसली. नंतर तिने हिला जवळ बोलावले, ताटातल्या उरलेल्या अक्षता मुठीत घेतल्या आणि काही न बोलता आम्हा दोघांच्या डोक्यावर टाकल्या. सेहेचाळीस वर्षे उशीर झाला होता, पण कोणी तक्रार केली नाही.

परतताना बस वळणावळणाने उतरू लागली तेव्हा मी हिच्याकडे पाहिले. ही मागे वळून बघत नव्हती. मागच्याच बाकावर सगळे बसले होते आणि पुरणपोळ्यांचा डबा उघडत होते.

जागेचे नाव मी सांगणार नाही. एक तर ती लहान आहे, सहाशे चाळीस मावणार नाहीत. आणि दुसरे म्हणजे, पळून जायची जागा कोणी छापून सांगते का?