तुवालूचे मुद्दल

आमच्या सावंगीला कंसात 'मेघे' जोडावे लागते. नाहीतर कुठली सावंगी, हा प्रश्न ठरलेलाच. तुवालूला असा कंस लागत नाही, तरी वर्ध्याच्या बाजारात दहा जणांना त्याचा पत्ता विचारा. नऊ जण तुमच्याकडेच संशयाने पाहतील. पॅसिफिक महासागरातली 9 बेटे, सगळी मिळून 26 चौरस किलोमीटर जमीन आणि दहा-अकरा हजारांची वस्ती. एवढाच तो देश. 1978 साली स्वतंत्र झालेला.

2014 च्या नोव्हेंबरात सुवा येथे भारताने अशा 14 बेटदेशांचे वार्षिक अनुदान प्रत्येकी सव्वा लाख डॉलरवरून दोन लाखांवर नेले. ती बातमी वाचून मला मोठी मौज वाटली. आपण, आणि देणारे! आमच्या पिढीचा हात घेण्यातच मुरलेला. शाळेच्या ओसरीवर भुकटीचे दूध कालवले जाई आणि आम्ही नाक दाबून ते पीत असू. घरात लाल मिलोची भाकरी थापताना आजी पुटपुटायची, "हे का माणसाचं खाणं होय?" खायची मात्र तीही. अमेरिकेशी 'पी. एल. 480' चा पहिला करार 1956 साली झाला. पुढे 1966 च्या सुमारास जॉन्सनसाहेबांनी गव्हाची जहाजे हात आखडून सोडायला सुरुवात केली, तेव्हा दिल्लीचा जीव बंदरात अडकला होता. बांधावरचे गाजरगवत त्याच गव्हातून आले, असे लोक अजून म्हणतात. खरेखोटे शास्त्रज्ञ जाणोत. त्या म्हणण्यातला राग मात्र अस्सल आहे.

म्हणूनच तुवालूची एक गोष्ट मला फार आवडते. स्वातंत्र्यानंतरही सरकारी खर्चातली तूट भरून घ्यायला त्यांना परक्या दारी जावे लागे. 1987 साली ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांनी मिळून, जपान आणि दक्षिण कोरियाच्या थोड्या हातभाराने, सुमारे 2 कोटी 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांचा विश्वस्त निधी उभारला. त्यात तुवालूनेही पदरचे पैसे घातले, हे विशेष. अट अशी, की महागाईचा हिशेब धरून मुद्दल शाबूत राखायचे आणि वर उरेल तेवढेच सरकारने खर्चायचे. आजीची बियाण्याची कणगी अशीच असे. आषाढात घरात दाणा नसला तरी तिच्यात हात घालण्याची कोणाची छाती नव्हती.

मगनवाडीत राहून जे. सी. कुमारप्पा साठ्याचे अर्थशास्त्र वेगळे आणि प्रवाहाचे वेगळे, असे सांगत. शेजारच्या नाउरूने जमिनीतले फॉस्फेट उपसून विकले, काही वर्षे ऐश्वर्यात काढली आणि शतक संपता संपता दिवाळे पाहिले. त्यांचाही निधी होता म्हणे! पण कणगीला झाकण नव्हते.

तुवालूने झाकण सांभाळले. समुद्राचे काय करावे? तिथली सर्वांत उंच जागासुद्धा 5 मीटरांच्या आतच आहे. 2023 साली ऑस्ट्रेलियाशी करार झाला. त्यानुसार दरसाल 280 माणसांना तिकडे कायमचे राहायला जाता येते. 2025 साली पहिली सोडत निघाली, तर अर्जांची नुसती रीघ लागली.

मी हे सगळे घरात रंगवून सांगत होतो. सौ. चकलीचे पीठ मळत होती. मान वर न करता तिने विचारले, "माणसं तिकडे गेली, जमीन पाण्याखाली गेली, तर ते मुद्दल मग कोणाचं हो?"