एकटा जीव धोंडीबा!

वॉरियर घेऊ नकोस. आणि एकटीनंच खेळणार असशील, तर अजिबातच घेऊ नकोस!

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक’ खेळणाऱ्या कुणालाही विचारा, हाच सल्ला मिळेल. मूळ खेळ अमेरिकेत आला नोव्हेंबर 2004मध्ये. ऑगस्ट 2019मध्ये कंपनीनं त्याची जुनी आवृत्ती ‘क्लासिक’ या नावानं पुन्हा सुरू केली. मधल्या पंधरा वर्षांत जग इकडचं तिकडे झालं, पण हा सल्ला काही बदलला नाही.

कारण सोपं आहे. या खेळात नऊ क्लास, म्हणजे नऊ जातकुळीची पात्रं. हंटरकडे पाळीव अस्वल असतं. मार ते खातं, हा मागे उभा राहून निवांत बाण सोडतो. मेज शत्रूला जागच्या जागी गोठवतो आणि लांबून झोडपतो. प्रीस्ट, पॅलाडिन, ड्रुइड, शामन ही मंडळी आपल्या जखमा आपणच भरतात. रोग गुपचूप मागून येतो आणि फारच अंगाशी आलं तर गायब होतो. आणि वॉरियर? एक तलवार, एक थोबाड. बस्स! जादू नाही, पाळीव प्राणी नाही, पळून जायची धड सोय नाही.

मी वॉरियरच घेतला. नाव ठेवलं धोंडीबा. आणि वर हौस बघा, घेतला तो ‘हार्डकोअर’ सर्व्हरवर. ऑगस्ट 2023मध्ये अधिकृतपणे सुरू झालेल्या या सर्व्हरांचा नियम एका ओळीचा आहे : एकदा मेलात की मेलात. साध्या क्लासिकमध्ये मेल्यावर भूत होऊन आपल्या मढ्यापर्यंत धावत जायचं आणि पुन्हा उठायचं. इथे भूत होता येतं, उठता येत नाही. दोन महिन्यांच्या रात्री एका चुकार वारात खलास!

राग येऊ दे, मग बघते

वॉरियरची गंमत कळायला एक गोष्ट समजून घ्यावी लागते. बाकीचे जादूवाले लढाईत उतरतात ते भरलेल्या टाकीनं. त्यांची ‘माना’ सुरुवातीला पूर्ण असते आणि वापरली की संपत जाते. वॉरियरचं उलट. त्याच्याकडे असतो ‘रेज’, म्हणजे राग, आणि लढाईच्या सुरुवातीला तो शून्य असतो. आपण वार केला की वाढतो. आपल्याला वार लागला की वाढतो. लढाई संपली की हळूहळू ओसरतो. आज साठवला आणि उद्या वापरला, असं चालत नाही.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे आपण शाळेत फळ्यावर लिहिलं. इथे ते कुणीतरी चक्क प्रोग्रॅम करून ठेवलंय! मार खा, मग ताकद मिळेल. ऑफिसमधून मान खाली घालून आलेल्या माणसाला यापेक्षा जवळचा हीरो कुठे मिळणार?

फक्त यात एक खोच आहे. मार खाल्ल्यानं राग भरतो, जखम भरत नाही. जो फटका तुम्हाला ताकद देतो, तोच तुमचं आयुष्य कापतो. म्हणून वॉरियर चालवणं म्हणजे तोडफोड, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा चालवून बघावं. हा या खेळातला सगळ्यात हिशोबी माणूस आहे.

साडेतीन सेकंदांचं गणित

चांगलं दोन हातांचं शस्त्र संथ असतं. साधारण साडेतीन सेकंदांनी एक वार. तो चुकला, तर पुढचे साडेतीन सेकंद तुम्ही नुसते मार खाताय! शत्रू तुमच्यापेक्षा तीन लेव्हलनी वरचा असेल तर वार जास्त चुकतात, लागले तरी निसटते लागतात. म्हणून पहिला नियम : आपल्या बरोबरीचा किंवा एखाद-दोन लेव्हलनी खालचाच शत्रू घ्यायचा. मर्दुमकी वगैरे ठीक आहे, पण ती लॉगआउट झाल्यावर.

दुसरा नियम, एका वेळी एकच. चौथ्या लेव्हलला ‘चार्ज’ मिळतो. लांबून धावत जाऊन धडक मारायची, शत्रू क्षणभर सुन्न होतो आणि थोडा राग फुकटात मिळतो. पहिल्या दिवशी हे इतकं आवडतं की माणूस दिसेल त्याच्यावर धावत सुटतो. पण चार्ज तुम्हाला नेऊन टाकतो त्याच्या घरात, त्याच्या भाऊबंदांच्या मधोमध! त्यापेक्षा लांबून एक सुरा फेकावा, त्याला चिडवावं आणि आपल्या अंगणात आणून मारावं.

तिसरा नियम, पळणाऱ्याला पळू द्यायचं नाही. माणसासारखे दिसणारे शत्रू मरायला टेकले की पाठ फिरवून धूम ठोकतात, आणि जाता जाता आणखी चार जणांना घेऊन येतात. आठव्या लेव्हलला मिळणारा ‘हॅमस्ट्रिंग’ त्यासाठी. पायावर वार, की लंगडतच जातो बिचारा. वेस्टफॉलच्या किनाऱ्यावरचे मर्लॉक, म्हणजे ते माशाच्या तोंडाचे, गुळगुळ आवाज काढणारे प्राणी, तर एकाला हात लावला की अख्खा मोहल्ला गोळा करतात. धोंडीबानं त्या किनाऱ्याला लांबूनच नमस्कार केला.

आणि खाणीत, गुहेत शिरायचं असेल, तर आधी परतीचा विचार. मारलेले शत्रू काही मिनिटांनी पुन्हा उभे राहतात, ते तुमच्या पाठीशी. पुढे मालक, मागे वॉचमन आणि मधे धोंडीबा!

डबा, बँडेज आणि मुक्काम

दोन लढायांच्या मधे वॉरियर काय करतो? जेवतो. खरंच! बसतो, भाकरतुकडा काढतो आणि खातो. सुरुवातीचं खाणं 18 सेकंदांत संपतं, वरच्या लेव्हलचं 30 सेकंदांपर्यंत चालतं. त्या वेळात रक्त भरून येतं. हंटर शेजारून पळत पुढे जातो, मेज जातो, आपण बसलोय डबा उघडून. सुरुवातीला लाज वाटते. नंतर त्यातच मजा यायला लागते. आजूबाजूचं रान बघायला मिळतं, वारा ऐकू येतो. दिवसभरात असे 30 सेकंद ऑफिसात कुणी देतं का?

त्याच्या जोडीला ‘फर्स्ट एड’ शिकायचंच. मेलेल्यांकडून मिळालेल्या चिंध्यांची बँडेज करायची. एकदा लावलं की पुढचं लावायला मिनिटभर थांबावं लागतं आणि बांधताना फटका बसला तर ते सुटतं. त्यामुळे ते कधी लावायचं, हेही गणितच. लोहारकाम शिकलात तर पात्याला धार लावायचे दगड घरचे. आणि तलवार सोडून कुऱ्हाड घेतलीत तर कुऱ्हाडीचं कसब पुन्हा 1 पासून. नोकरी बदलली की प्रोबेशन!

नोकरदारांवर मात्र या खेळानं एक उपकार करून ठेवलाय. खेळ बंद करताना आपलं पात्र एखाद्या खानावळीत, ‘इन’मध्ये नेऊन झोपवलं, तर दर 8 तासांना लेव्हलच्या 5 टक्के इतकी ‘विश्रांती’ जमा होते. जास्तीत जास्त दीड लेव्हलपर्यंत. ती असेपर्यंत शत्रू मारल्याचे गुण दुप्पट. म्हणजे तुम्ही मीटिंगमध्ये पेंगताय, तेव्हा तुमचा धोंडीबा गादीवर लोळून उद्याची तयारी करतोय! रोज दीड तास खेळणाऱ्याला हे वरदान आहे. मी दहा दिवस प्रोजेक्टमध्ये अडकले होते, तेव्हा परत आल्यावर तो माझ्यापेक्षा जास्त ताजातवाना होता.

अशा चालीनं तिसावी लेव्हल आली. त्या दिवशी खेळाला विचारलं, एकूण किती वेळ झाला? उत्तर आलं, 2 दिवस 19 तास. म्हणजे 67 तास, एकटीनं, एका जिवावर. वीज गेली तर धोंडीबा शत्रूसमोर पुतळ्यासारखा उभा राहील, म्हणून राउटरला इन्व्हर्टरची जोड दिली. आईनं फोनवर विचारलं, इन्व्हर्टर कशाला गं? म्हटलं, ऑफिसचं काम असतं.

एकट्याचं कुठपर्यंत?

तिसाव्या लेव्हलला वॉरियरसाठी खास कामगिरी असते. समुद्र ओलांडून, रॅचेट बंदराजवळच्या फ्रे बेटावर जायचं, तिथल्या पैलवानांशी एकामागून एक झुंजायचं आणि ‘बर्सर्कर’ पवित्रा मिळवायचा. तिथवर एकट्यानं जमतं. मग सुरू होते पुढची कामगिरी, ‘व्हर्लविंड’ शस्त्राची. साहित्य जमवा, ऑल्टरॅकच्या डोंगरात जा, आणि सायक्लोनियन नावाच्या वादळाच्या भुताला मारा. बक्षीस म्हणून मिळते ती दोन हातांची कुऱ्हाड. वॉरियरचा सगळा मारा शस्त्रावर अवलंबून असतो, त्यामुळे ही कुऱ्हाड मिळाली की पुढच्या दहा लेव्हल सुकर होतात.

एकट्यानं पुढे जायला जे शस्त्र सगळ्यात उपयोगी, नेमकं तेच एकट्याला मिळत नाही! सायक्लोनियन ‘एलिट’ असतो. म्हणजे त्याच लेव्हलच्या साध्या शत्रूपेक्षा कितीतरी दणकट. शिवाय लेव्हलही तुमच्या वरची. तिथे डबा आणि बँडेज पुरत नाही.

मला मदत मागायला आवडत नाही. पुण्यात एकटी राहते, गॅस सिलिंडर स्वतः सरकवते, ताप आला तर गोळी घेऊन झोपते, कुणाला कळवत नाही. त्यामुळे चॅटमध्ये ‘सायक्लोनियनसाठी कुणी येईल का’ एवढी ओळ टाकायला मला तीन रात्री लागल्या. त्यातून हार्डकोअरमध्ये ही मागणी साधी नाही. जो येईल त्याचाही जीव एकच. त्याचेही असेच किती तरी तास पणाला. आणि कुऱ्हाड मिळणार मला, त्याला काहीच नाही.

एक वॉरियर आला, त्यालाही तीच कुऱ्हाड हवी होती. आणि एक प्रीस्ट आली. चव्वेचाळिसाव्या लेव्हलची, सुती झग्यातली. तिला या कामगिरीतून एक पैसाही मिळणार नव्हता. ‘चला’ म्हणाली, एवढंच.

लढाई सुरू झाली. ती आम्हाला बरं करत होती. आता यातलं तंत्र असं, की जखमा भरणाऱ्यावर शत्रू चिडतो. अर्ध्या वाटेत सायक्लोनियन आम्हाला सोडून तिच्याकडे वळला. दोन फटक्यांत तिचं निम्मं रक्त गेलं. सुती झगा तो, किती टिकणार?

वॉरियरला दहाव्या लेव्हलला ‘टॉंट’ नावाची एक गोष्ट मिळते. बचावाचा पवित्रा घेऊन शत्रूला डिवचायचं : तिला सोड, माझ्याकडे बघ! ताबडतोब तो तुमच्यावर येतो. एकट्या वॉरियरला याचा उपयोग काय? शत्रू एरवी त्याच्याच अंगावर असतो. पंचवीसेक लेव्हल ते बटण स्क्रीनवर नुसतं पडून होतं. त्या रात्री मी ते पहिल्यांदा दाबलं. भूत गर्रकन फिरलं आणि माझ्यावर आलं. धोंडीबाचं रक्त झरझर खाली आलं, राग वर चढला, पाठीमागून तिचा उजेड अंगावर पडला आणि रक्त पुन्हा भरलं. माझे हात थरथरत होते. स्वतःच्या जिवासाठी नाही... तिच्या.

तिघंही वाचलो. तिनं एक नमस्कार केला आणि निघून गेली.

तेव्हा लख्ख कळलं की हा क्लास एकट्यानं एवढा जड का जातो. तो घडवलाच आहे दुसऱ्याच्या पुढे उभं राहून मार खाण्यासाठी! एकटा वॉरियर म्हणजे गोलकीपरनं मैदानात एकट्यानंच प्रॅक्टिस करावी तसं. अंगात सगळं येतं, फक्त कशासाठी ते समजत नाही.

म्हणजे मी एकटीनं खेळणं सोडलं का? छे! रात्री अकराला कुणाच्या वेळा जुळवत बसणार? शिवाय ते डबा खाण्याचे 30 सेकंद कुणाशी वाटून घ्यायची माझी तयारी नाही. तुम्हीही वॉरियर घ्या, बिनधास्त एकट्यानं वाढवा. एकच करा, ‘टॉंट’चं बटण स्क्रीनवरून काढू नका. आणि चॅटमध्ये तिसाव्या लेव्हलचा कुणी दबकत विचारताना दिसला, तर तो तीन रात्री थांबून विचारतोय असं धरून चाला.

बाकी धोंडीबा मजेत आहे. कुऱ्हाड परजतोय, लेव्हल 38. चाळिसाव्याला घोडा घ्यायचाय. खर्च साधारण 100 सोन्याची नाणी. त्याच्याकडे आहेत 19!