नाण्याचे माहेर

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चौरंगावर एक चांदीचा रुपया मांडला जाई. एरवी तो आजोबांच्या शिसवी पेटीत, लाल फडक्याच्या घडीत असे. पूजेनंतर आम्हा नातवंडांना तो क्षणभर हातात मिळे. त्यावरील अक्षरे फारसी, नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचे. पण कडेला महादेवाची पिंड आणि बेलाचे पान. होळकरशाहीत नोकरी केलेले आजोबा त्या पानावर बोट ठेवून म्हणत, "अक्षरे बादशहाची असली तरी हे पान आपल्या मातोश्रींचे. रुपया महेश्वरच्या टाकसाळीचा आहे, हे त्या पानावरून ओळखायचे. मल्हारनगरच्या, म्हणजे आपल्या इंदूरच्या रुपयावर सूर्याचे मुख असते. नाण्यालाही माहेर असते, बाळ. ते त्याच्या अंगावरच लिहिलेले असते, वाचणारा पाहिजे."

आजोबा गेले, पेटी वाटणीत काकांकडे गेली आणि रुपयाही तिच्याबरोबर गेला. माझ्या वाट्याला ते एक वाक्य आले. पुढची चाळीस वर्षे मी त्या वाक्यावर काढली, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आपण रोज जी नाणी हाताळतो, त्यांवरही माहेरची खूण असते. सालाच्या आकड्याखाली पाहावे. लहानसा चौकट, म्हणजे पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार असेल, तर नाणे मुंबईच्या टाकसाळीचे. पाच टोकांची चांदणी असेल तर हैदराबादचे. गोल ठिपका असेल तर नोएडाचे. तिथली टाकसाळ १९८८ पासूनची, चौघींत धाकटी. आणि काहीच नसेल तर कलकत्त्याचे. खूण नसणे हीच कलकत्त्याची खूण. बाजारात चारही रुपये सारखेच चालतात. दुकानदार खुणेकडे पाहत नाही, आणि त्याने पाहण्याचे कारणही नाही.

मी १९८४ मध्ये राज्याच्या वित्त विभागात लागलो आणि १९८७ मध्ये माझी बदली सांवेरला झाली. इंदूर-उज्जैन रस्त्यावरचे हे तहसिलीचे गाव तेव्हा लहान होते. संध्याकाळी पाचनंतर करण्यासारखे काही नसे. त्या वर्षांत रेजगारीची टंचाई मोठी होती. किराणा दुकानदार सुट्या पैशांऐवजी गोळ्या किंवा काड्यापेटी हातावर ठेवत. देशातील टाकसाळींना मागणी पुरवता येईना, तेव्हा सरकारने काही नाणी परदेशांतून पाडून आणली. १९८५ सालच्या रुपयांपैकी काही वेल्समधील लँट्रिसंट येथे, ब्रिटनच्या राजटाकसाळीत पाडले गेले. काही बर्मिंगहॅमच्या टाकसाळीत. बर्मिंगहॅमच्या रुपयावर सालाखाली इंग्रजी 'एच' अक्षर आहे. हीटन घराण्याने ती टाकसाळ नावारूपाला आणली, त्या आडनावाचे ते आद्याक्षर. २००३ मध्ये ती टाकसाळही बुडाली. पुढे नव्वदीच्या अखेरीस पुन्हा परदेशी नाणी आली. स्लोवाकियातील क्रेम्निका आणि मेक्सिको येथून रुपये, दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरियाहून दोनची नाणी, मॉस्कोहून पाचची. सांवेरच्या भाजीबाजारात लसणाच्या बदल्यात मॉस्कोचे नाणे हातावर पडे आणि देणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला त्याचा पत्ताही नसे.

पाश्चात्त्य देशांत बँका नाणी कागदात गुंडाळून देतात, असे वाचले आहे. आपल्याकडे शंभर नाण्यांची प्लॅस्टिकची पिशवी मिळते. मी पगाराच्या दिवशी बँकेत जाऊन दोन-तीनशे रुपयांची रेजगारी मागून आणी. कार्यालयातील सरकारी रोकड माझ्या सहीखाली असे. तिच्यातले एक नाणेही मी कधी बदलून घेतले नाही. घरी आल्यावर जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचे, पिशवी ओतायची, आणि भिंग घेऊन एकेक नाणे सालाच्या बाजूने लावायचे. दोनशे नाणी पाहायला तास-दीड तास लागे. बोटे काळी होत, धातूचा वास हाताला रात्रभर राही. हवे ते नाणे सापडले तर त्याच्या जागी खिशातले नाणे ठेवायचे, पुन्हा शंभर मोजायचे आणि पिशव्या किराणा दुकानदाराला द्यायच्या. त्याला सुटे पैसे मिळत, मला नोटा परत मिळत. पत्नी म्हणे, "लोक तांदूळ निवडतात, तुम्ही रुपये निवडता."

या छंदात मी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. नाणे व्यवहारातूनच मिळवायचे आणि दर्शनी किमतीपेक्षा एक पैसाही जास्त द्यायचा नाही. विक्रेत्याकडून विकत घेतलेले नाणे माझ्या वहीत शिरणार नाही. या नियमाचा मला अभिमान होता. मित्रांना सांगताना मी म्हणे, "रुपया देतो, रुपया घेतो. कुणाचे काही जात नाही." ज्याला आयुष्यभर सरकारी हिशेब चोख ठेवायचे आहेत, त्याला असा छंद शोभतो, असेही मला वाटे.

पस्तीस वर्षांत पुष्कळ मिळाले. २०१६ च्या सिंहस्थानंतर तर आमच्या भागातल्या पिशव्यांत देशभरची नाणी आली. यात्रेकरू पुण्य घेऊन गेले आणि रेजगारी ठेवून गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, तेव्हा लोक बँकेतून दहाच्या नाण्यांच्या पिशव्या नाइलाजाने आणत, मी आनंदाने आणी. तरीही वहीतले एक घर रिकामे राहिले. १९८५ चा 'एच' अक्षराचा रुपया मला कधी सापडला नाही. इंदूरच्या एका विक्रेत्याने तो दीडशे रुपयांना देऊ केला होता. नियम आडवा आला, मी घेतला नाही.

२०२२ मध्ये निवृत्त झालो आणि नोकरीच्या काळात घेतलेल्या जागेवर घर बांधून आम्ही सांवेरलाच राहायला आलो. इथले उलट्या हनुमानाचे मंदिर प्रसिद्ध आहे. मूर्तीचे मुख खाली आहे, आणि मारुतिराय पाताळात निघाले तेव्हाचे हे रूप, अशी श्रद्धा आहे. मंगळवारी आम्ही दोघे दर्शनाला जातो. मंदिराबाहेर एक वृद्ध बाई हार-फुले घेऊन बसतात. त्यांच्याकडूनच आमचा हार घेतला जाई.

एका मंगळवारी मी त्यांना दहाचे नाणे दिले, तर त्यांनी ते परत केले. म्हणाल्या, "साहेब, नोट द्या. हे कुणी घेत नाही. माझ्याकडे डबाभर पडली आहेत." मला प्रकार ठाऊक होता. दहाच्या नाण्यांबद्दलची अफवा आमच्या भागात बरीच वर्षे आहे. कुणी म्हणे, दहा किरणांचे खरे आणि पंधरा किरणांचे खोटे. कुणी म्हणे, रुपयाचे चिन्ह नसेल तर खोटे. वस्तुतः ते चिन्हच २०१० मध्ये ठरले, त्याआधीच्या नाण्यावर ते येणार कसे? रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले होते की, तोवर निघालेली दहाची चौदा प्रकारची नाणी सर्वच्या सर्व वैध आहेत. पण पत्रक मुंबईहून निघते आणि अफवा गल्लीतून. गल्ली जवळ पडते. त्या एका बँकेत गेल्या होत्या. तिथे खिडकीवरच्या माणसाने "आज वेळ नाही" म्हणून परत पाठवले होते. दोनदा.

निवृत्त असलो तरी ती खिडकी मला अपरिचित नव्हती. मी म्हटले, "माँजी, डबा आणा. मी मोजून पिशव्या करतो आणि तुमच्याबरोबर बँकेत येतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा घरी आणला. दहाची दोनशे चौदा नाणी निघाली. मी खुणा पाहत मोजत होतो, सवयच ती. डब्याच्या तळाशी फडक्यात बांधलेली जुन्या, जड रुपयांची पुरचुंडी होती. बाजारात कुणी घेईना म्हणून यात्रेकरू असली नाणी देवाला वाहतात किंवा देवाच्या दाराशी बसलेल्यांना देतात. सोळा रुपये होते. अकरावा उलटला आणि सालाखाली 'एच' दिसला.

मी काय केले ते लिहायलाच हवे. त्यासाठीच हे लिहिणे आहे. मी काही बोललो नाही. "हे सोळा रुपये मीच घेतो, माझ्याकडे खपतील," असे म्हणून त्यांना दहाची आणि पाचची एकेक नोट व वर रुपया दिला. त्यांना बरे वाटले. पुढे बँकेत गेलो. साहेबी पोशाखातला माणूस बरोबर पाहून की काय, त्या दिवशी वेळ होता. त्यांचे दोन हजार एकशे चाळीस रुपये खात्यात जमा झाले. परतताना त्यांनी मला तोंडभरून आशीर्वाद दिला.

त्या रात्री वही उघडली, रुपया त्या रिकाम्या घरात ठेवला आणि पुन्हा काढला. बसेना. नियमाप्रमाणे सारे चोख होते: व्यवहारातले नाणे, दर्शनी किंमत, रुपयाला रुपया. तरी आकडा जुळूनही खाते चुकते, हे नोकरीत मी हाताखालच्या लोकांना शिकवत आलो होतो. बँकेची पिशवी उघडतो तेव्हा समोर कुणी नसते. इथे समोर एक माणूस होते. दीडशे रुपये म्हणजे तिचे कितीतरी हार. आणि ती माझ्याकडे आली होती, ती खरे-खोटे ओळखणारा माणूस म्हणून. माझा तो अभिमानाचा नियम प्रामाणिकपणाचा होता की काटकसरीचा, असा प्रश्न पस्तीस वर्षांत प्रथमच पडला. उत्तर सुखाचे नव्हते.

मंगळवारपर्यंत थांबवले नाही. सकाळीच मंदिरापाशी गेलो आणि सगळे सांगितले. भिंगातून अक्षर दाखवले. विलायतेत पाडलेला रुपया, बाजारात दीडशेला जातो, मी तुम्हाला एक दिला, असे म्हणून नोटा पुढे केल्या. त्या आधी हसल्या. मी थट्टा करतो असे त्यांना वाटले. मग भिंग डोळ्याला लावून बराच वेळ पाहत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे ही वस्तू चांगली आहे. तुम्ही पस्तीस वर्षे शोधत होतात?" मी होकार दिला. "मग दोनशे द्या." मी दोनशे दिले. तो भाव योग्य होता. गरज माझी होती, आणि हे त्यांनी माझ्यापेक्षा लवकर ओळखले.

आता रुपया वहीत आहे. बाकीच्या नाण्यांखाली फक्त साल आणि टाकसाळ लिहिलेली आहे. याच्याखाली 'सांवेर, मंदिराबाहेर, रुपये दोनशे एक' असे लिहिले आहे. पहिला रुपयाही हिशेबात धरला आहे.

त्या दिवसापासून मात्र मला एक भागीदार मिळाला आहे. त्यांना अक्षर वाचता येत नाही. पण चौकट, चांदणी आणि ठिपका आता पक्के ओळखतात. मंगळवारी हाराबरोबर चार-पाच नाणी वेगळी काढून ठेवलेली असतात. "ही चांदणी कितीची?" असा प्रश्न येतो. "माँजी, हैदराबादची आहे. पाचाला पाच," असे सांगितले की नाराज न होता त्या नाणे गल्ल्यात टाकतात. मीही आता बँकेतून आणलेल्या पिशवीत काही मिळाले, तर ते घरी येण्यापूर्वी कुणाच्या हातून गेले असेल, याचा विचार करू लागलो आहे.

परवा त्यांनी कोऱ्या सालाचे एक नाणे पुढे केले. "याला काहीच खूण नाही. हे कुठले?" मी म्हटले, "कलकत्त्याचे. तिथली टाकसाळ खूण करत नाही." त्या थोडा वेळ नाण्याकडे आणि मग माझ्याकडे पाहत राहिल्या. "आणि तुम्ही कुठले, साहेब?"

"इथलाच. पाच पिढ्या झाल्या माळव्यात."

"ते खरे," त्या हार बांधता बांधता म्हणाल्या, "पण तुम्ही दक्षिणी ना? तोंड उघडले की खूण दिसते."