पंख्याचा इंच

भिवंडीत 'मशीन' म्हटलं की लूम आणि 'पंखा' म्हटलं की छताला लटकणारा. आमच्या घरात मात्र पंखा म्हणजे बोटीचा. माझ्या मामूंनी आखातात वीसेक वर्षं बोटींच्या वर्कशॉपमध्ये काढली. मच्छीमारांच्या लाँचपासून शेखांच्या शर्यतीच्या बोटींपर्यंत सगळ्यांचे वाकलेले, चिरलेले, चघळल्यासारखे झालेले प्रोपेलर त्यांच्या हाताखालून गेले. परत आल्यावर लोक विचारायचे, "तिकडे काय काम करायचे?" मामू म्हणायचे, "पंखे दुरुस्त करायचो." लोकांना वाटायचं, इलेक्ट्रिशियन असणार. मामूंनीही कधी कोणाला सुधारलं नाही.

कोकणी मुसलमानाचं दर्याशी नातं सांगायची खरं तर गरज नाही. आजोबांच्या पिढीत घरटी एक तरी माणूस जहाजावर असायचा. आणि भिवंडी काही पहिल्यापासून लूमचं गाव नव्हतं, बंदर होतं. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतलं आणि आरमाराची जहाजं बांधायला याच खाडीत सुरुवात झाली. आज खाडीकडे पाहून यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. गाळ, कारखान्यांचं पाणी, आणि काठावर गोदामंच गोदामं.

तर पंखा. बोटीच्या पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात: एक व्यास, दुसरा पिच. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात किती पुढे सरकेल तो हिशोब, लाकडात स्क्रू पिळल्यासारखा. २१ पिचचा पंखा एका फेऱ्यात २१ इंच जाईल, असं कागदावर. हे मला पहिल्यांदा समजेना, तेव्हा मामूंनी मला शेजारच्या कारखान्यात नेलं. साध्या लूमला क्रँकच्या एका फेऱ्यात एक पिक पडतो आणि प्रत्येक पिकला कापड किती पुढे सरकेल ते चेंज व्हील ठरवतं. चाक बदललं की इंचातले पिक बदलतात. मोटर तीच, धोटा तोच, माल वेगळा. "जॉबर चेंज व्हील बदलतो ना, तसा मी पंखा बदलायचो," मामू म्हणाले. त्यानंतर मला पिच पुन्हा विचारावा लागला नाही.

फरक इतकाच की कापड निसटत नाही, पाणी निसटतं. मामूंचं आवडतं उदाहरण असं: इंजिन ५८०० आरपीएमवर, गिअर १.७५ ला १. म्हणजे पंखा मिनिटाला साधारण ३३१४ फेरे घेणार. पिच २१ इंच धरला तर मिनिटाला ५८०० फूट झाले, ताशी १०६ किलोमीटर. पण जीपीएस ९५ दाखवतं. मधली दहा टक्के म्हणजे स्लिप. पोरं विचारायची, स्लिप शून्य का करत नाही? कारण पाणी थोडं मागे ढकलल्याशिवाय बोट पुढे जाणारच नाही. स्लिप फार वाढली तर गडबड, आणि हिशोबात शून्य आली तर समजायचं की मीटर खोटा आहे किंवा सांगणारा.

वेगाच्या बोटीचं ट्यूनिंग म्हणजे इंजिनाची ताकद वाढवणं, असा सार्वत्रिक समज आहे. मामूंच्या मते त्यातलं निम्मं काम इंजिनाचं झाकण न उघडता होतं. पहिलं, पूर्ण थ्रॉटलला इंजिन कंपनीने दिलेल्या आरपीएमच्या पट्ट्यात येतं का? खाली राहिलं तर पिच जास्त आहे, इंजिन ओझ्याखाली कण्हतंय. वर पळालं तर पिच कमी. एक इंच पिचला साधारण दीडशे ते दोनशे आरपीएमचा फरक. मग ट्रिम, म्हणजे ड्राइव्हचा कोन: बाहेर काढत नेलं की नाक उचलतं, ओला भाग कमी होतो, वेग वाढतो. एका हद्दीनंतर बोट नाक आपटत नाचायला लागते. मग इंजिनची उंची, अर्ध्या-अर्ध्या इंचाने. गिअरकेस जितकी वर तितका पाण्याचा अडथळा कमी, पण वर नेता नेता पंखा हवा ओढतो आणि इंजिन एकदम किंचाळतं. शर्यतीच्या बोटींचे पंखे तर मुद्दामच अर्धे पाण्याबाहेर फिरतात. त्यांची पाती मागच्या कडेला सरळ कापलेली असतात, कुऱ्हाडीसारखी. पात्याच्या त्याच कडेला हातोडीने बारीकशी मुरड घालतात, तिला कप म्हणतात. ती मुरड नीट बसली तर पंखा पाण्याला धरून राहतो. मामूंचा हात या मुरडीवर होता. त्यांच्या बोटांना पात्याच्या जाडीतला फरक कळायचा, मला तर डोळ्यांनीही दिसायचा नाही.

हवा ओढणं वेगळं आणि पाणी उकळणं वेगळं, हे मामू चिडून सांगायचे, कारण लोक दोन्हीला कॅव्हिटेशन म्हणतात. पातं फार जोरात फिरलं की त्याच्या पाठीवर दाब इतका उतरतो की पाणी थंड असूनही त्याची वाफ होते. ते बुडबुडे फुटताना धातू टोकरतात. इंग्लंडात चार्ल्स पार्सन्सच्या 'टर्बिनिया'ला याच कारणाने वेग धरता येईना. त्याने एका शाफ्टच्या जागी तीन शाफ्ट घातले, प्रत्येकावर तीन पंखे, आणि १८९७ च्या आरमारी संचलनात ती ३४ नॉट्सने धावली.

हे सगळं ज्ञान भिवंडीत काय कामाचं, असं मलाही वाटायचं. २६ जुलै २००५ ला कामवारीचं पाणी खाडीपार, ईदगाह रोडच्या घरांत शिरलं तेव्हा माणसं लाकडी फळ्या आणि ड्रम बांधून काढली होती. पुढे आणखी एकदा पाणी चढल्यावर मोहल्ल्यातल्या तरुणांनी वर्गणी काढून जुनी फायबरची बोट घेतली, ४० हॉर्सपॉवरच्या आउटबोर्डसकट. ज्याने विकली त्याने "पाण्यावर उडते" असं सांगितलं होतं. दोघे बसले की खरंच उडायची. आठ जण बसले की मागचा भाग बुडवून नांगरासारखी चालायची.

मामूंनी पंखा पाहिला. १३ पिच. आठ जण बसवून चालवली तर ४२०० च्या पुढे आरपीएम जाईना, आणि इंजिनाचा पट्टा ४५०० ते ५५००. "ही बोट दोन माणसांच्या मौजेसाठी लावलीये. तुम्ही आठ जणांना वाचवणार आहात." १० पिचचा पंखा मागवला. ४८०० मिळाले, भरलेली बोट वर आली. रिकाम्या बोटीचा सगळ्यात मोठा वेग कमी झाला, त्यावर पोरं थोडी नाराज.

खरा वाद पुढे झाला. मामूंनी पंख्याभोवती जाळी लावायला सांगितली. जाळीने वेग आणखी घटतो, वळणही जड होतं. पोरांचा हिशोब साधा होता: पुरात वेळ महत्त्वाचा. मामूंचा हिशोब असा की पुरात लोक पाण्यात असतात, बोटीच्या कडेला लोंबकळतात, आणि मळकट पाण्यात कोणाचा पाय कुठे आहे ते दिसत नाही. "पंख्याला माणूस आणि पाणी यातला फरक कळत नाही," एवढंच म्हणाले. मला मामूंचंच पटलं होतं. जाळी लागली. सोबत दुसरी अट: चालवणाऱ्याच्या मनगटाला किल स्विचची दोरी, आणि ती न बांधता इंजिन चालू करायचं नाही.

तिसरी गोष्ट खास आमच्या गावची. नाल्यात सुताचे गुंते इतके असतात की पंख्याच्या मागे शाफ्टवर सूत गुंडाळलं जातं. बाहेरून दिसत नाही. ते आत आत जातं, ऑइल सील कापतं, मग गिअरमध्ये पाणी शिरतं आणि ऑइल दुधाळ होतं. आखातात हे काम मासे पकडायची नायलॉनची दोरी करते. मामू दर फेरीनंतर पंखा काढायला लावायचे. पहिल्याच वेळी निघालेला गुंता एका पोराने ओळखला: "हे तर आमच्या कारखान्याचं."

१८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची वेगवान बोट घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' लाँचवर आदळली. १५ जणांचा जीव गेला. इंजिनात बिघाड होऊन ताबा सुटला, असं नौदलाने सांगितलं. मी त्या रात्री मामूंना फोन केला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, नवीन बसवलेलं इंजिन, नवीन पंखा, बदललेली उंची, यातलं काहीही असो, पहिल्या धावेत बोट काय करेल ते कोणालाच पक्कं ठाऊक नसतं. म्हणून तर धाव घ्यायची. त्यांच्या वर्कशॉपमध्ये आधी पाणी रिकामं करायचे, मग चावी द्यायचे. यापलीकडे ते त्या अपघाताबद्दल काही बोलले नाहीत, आणि वर्तमानपत्रातले फोटोही त्यांनी पाहिले नाहीत.

आता उल्हास नदी-वसई खाडीचा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग ५३ झालाय, काल्हेरला जेट्टीचं नाव निघतं, वसई-भाईंदरची रो-रो २०२४ पासून चालू आहे. मोहल्ल्यातला एक मुलगा, बोट चालवायला शिकलेला, अशा नोकरीची वाट बघतोय. परवा त्याने मामूंना विचारलं, या खाडीत कोणता पंखा चालेल? मामूंनी विचारलं, ओहोटीला पाणी किती असतं? त्याला सांगता आलं नाही. रविवारी दोघे दोरीला वजन बांधून काल्हेरला मोजायला जाणार आहेत. मामूंचे गुडघे दुखतात, म्हणून रिक्षा मी ठरवलीये.